उद्योजकता आणि नवोन्मेष या विषयात पदव्युत्तर पदवी : कोणी केली आहे का? घ्यावी का?

पंपवाला
नमस्कार मंडळी. मी यांत्रिकी अभियंता आहे. औद्योगिक पंपांच्या चाचणी विभागात बरीच वर्षं काम करतोय. पंपाचं बेअरिंग निकामी होण्याच्या आधी त्याच्या कंपनांत जे बदल होतात ते स्वस्त सेन्सरने पकडता येतील, अशी एक कल्पना डोक्यात आहे आणि एक कच्चा नमुना बनवून झालाय. आता उद्योजकता आणि नवोन्मेष या विषयातल्या दोन वर्षांच्या मास्टर्सला अर्ज करायचा विचार आहे.

आमचे साहेब म्हणतात, "सरळ एमबीए कर." मित्र म्हणतो, "फीचे पैसे धंद्यातच घाल." बायको म्हणते, आधी माहिती काढ. म्हणून हा धागा. या अभ्यासक्रमात नेमकं शिकवतात काय? उद्योजकता वर्गात शिकवता येते का? प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला काय विचारायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

रसिका_त
वाचतेय. भाऊ याच विचारात आहे, त्याला दुवा पाठवलाय.

आडवाटेने
शिकवता येत नाही, माझं स्पष्ट मत. मी दोन व्यवसाय उभे केले. ग्राहकाने उधारी थकवली की काय करायचं, हे कुठल्याही वर्गात कळलं नसतं. गेट्स आणि झुकरबर्ग दोघांनी हार्वर्ड अर्धवट सोडलं, ते उगाच नाही. मित्राचं ऐका, पैसे धंद्यात घाला.

तर्कशुद्ध
@आडवाटेने, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण सोडून गेलेल्यांची नावं लक्षात राहतात कारण ती थोडी आहेत. पेज आणि ब्रिन स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करत होते आणि गूगलचा शोध त्या संशोधनातूनच आला. पेजरँकचं, म्हणजे शोधात पानांची क्रमवारी लावण्याच्या त्यांच्या पद्धतीचं, पेटंट स्टॅनफर्डच्या नावावर होतं. त्या बदल्यात मिळालेले शेअर्स विद्यापीठाने २००५ पर्यंत विकले, ३३ कोटी डॉलरहून जास्त मिळाले. फिल नाइट यांनी स्टॅनफर्डच्या एमबीएत, लघुउद्योगाच्या तासासाठी एक निबंध लिहिला होता. जपानी कॅमेऱ्यांनी जर्मन कॅमेऱ्यांचं जे केलं तेच जपानी बूट जर्मन बुटांचं करतील का, असा त्याचा विषय. त्यातून १९६४ मध्ये ब्लू रिबन स्पोर्ट्स उभी राहिली, तीच पुढे नायकी झाली.

आणि वयाचा मुद्दा. अझुले, जोन्स, किम आणि मिरांडा यांनी अमेरिकेतल्या नोंदींवरून काढलं की हजारांत एक अशा सर्वांत वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांच्या संस्थापकांचं, कंपनी सुरू करतानाचं सरासरी वय ४५ होतं. त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट दिसली : ज्याने त्याच उद्योगात आधी काम केलंय त्याच्या यशाची शक्यता बरीच जास्त. पंपवाले, तुमची चाचणी विभागातली वर्षं हे तुमचं खरं भांडवल आहे.

आडवाटेने
उद्योगातला अनुभव महत्त्वाचा हे मीही तेच म्हणतोय की! मग दोन वर्षं तो उद्योग सोडून वर्गात कशाला बसायचं?

सुलभा_दे
मी हा विषय शिकवते, त्यामुळे माझी बाजू आधीच सांगून टाकते. "काय शिकवतात" या प्रश्नाचं उत्तर देते.

हार्वर्डमध्ये १९४७ साली मायल्स मेस यांनी नव्या उद्योगांच्या व्यवस्थापनाचा तास सुरू केला, तिथपासून हा विषय एमबीएत आला. पहिल्याच खेपेला १८८ विद्यार्थी बसले होते, त्यांत युद्धावरून परतलेले बरेच. त्याच्या आधीचा पाया अर्थशास्त्राचा. शुंपेटर यांनी नवोन्मेषाचे पाच प्रकार सांगितले : नवं उत्पादन, नवी उत्पादनपद्धती, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी रचना. लोक पहिल्यावरच अडकतात. तुमच्या सेन्सरच्या बाबतीत कदाचित वस्तू नवी नसेलही, पण ती विकायची पद्धत नवी असू शकते.

अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता वेगळ्या केल्या. जोखमीची शक्यता मोजता येते, विमा उतरवता येतो. अनिश्चिततेत शक्यता किती हेच माहीत नसतं, आणि उद्योजकाचा नफा तिथून येतो. हा भेद कळला की पाच वर्षांची विक्री दशांश चिन्हापर्यंत लिहिलेली योजना पाहून माणूस सावध होतो.

मला सगळ्यांत उपयोगी वाटतं ते सरस्वती यांचं काम. सारस सरस्वती यांनी हर्बर्ट सायमन यांच्या हाताखाली पीएचडी केली. २७ अनुभवी उद्योजकांना एका काल्पनिक उत्पादनाबद्दलचे प्रश्न देऊन मोठ्याने विचार करायला लावलं. त्यातून दिसलं की मुरलेले उद्योजक उद्दिष्ट ठरवून साधनं गोळा करत बसत नाहीत. आपण कोण, आपल्याला काय येतं, आपण कोणाला ओळखतो इथून ते सुरुवात करतात. किती मिळेल याचा हिशेब नंतर, किती गेलं तरी चालेल हे आधी ठरवतात. २००१ मध्ये हा सिद्धांत प्रसिद्ध झाला आणि आता बहुतेक चांगल्या अभ्यासक्रमांत असतो.

आडवाटेने, तुम्ही दोन व्यवसाय बहुधा याच रीतीने उभे केले असतील. कुणी न शिकवता. प्रश्न इतकाच की जे तुम्हाला अनुभवातून यायला वर्षं लागली, त्यातलं काही दुसऱ्याला लवकर देता येतं का.

आडवाटेने
सुलभाताई, "किती गेलं तरी चालेल" हे अगदी खरं. पहिल्या व्यवसायात मी तेच केलं होतं. त्याला नाव असतं हे माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा सोडत नाही.

चिंटू_चौकस
@आडवाटेने, मुद्दा सोडू नका, धागा तुमच्यामुळेच रंगलाय. :)

मिहिका
मी ही पदवी घेतली आहे, म्हणून सविस्तर.

पहिलं सत्र जवळपास पूर्ण बाहेर गेलं. स्टीव्ह ब्लँक यांनी २०११ मध्ये स्टॅनफर्डला जी पद्धत आणली (अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने त्याच वर्षी आय-कोर नावाने ती उचलली) तिच्यावर आमचा अभ्यासक्रम बेतलेला होता. आय-कोरमध्ये संघाला सुमारे सात आठवड्यांत १०० संभाव्य ग्राहकांशी बोलावं लागतं. आमच्याकडे आकडा कमी होता, पण शिस्त तीच : दर आठवड्याला आपली गृहीतकं मांडायची, लोकांना भेटायचं, कोणतं गृहीतक पडलं ते वर्गासमोर सांगायचं.

यात जे शिकले ते आजही रोज वापरते. "तुम्ही हे विकत घ्याल का?" असं विचारायचं नाही, लोक चांगुलपणाने हो म्हणतात. "मागच्या वेळी हा प्रश्न आला तेव्हा तुम्ही काय केलंत? किती खर्च आला? तो कोणी मंजूर केला?" असं विचारायचं. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल माणूस सहसा खोटं बोलत नाही.

दुसरी मोठी गोष्ट भागीदारीची. आमच्या चौघांच्या संघात हिश्श्यावरून कडाक्याचं भांडण झालं. एकाचं म्हणणं, कल्पना माझी, म्हणून अर्धा हिस्सा माझा. तेव्हा प्राध्यापकांनी वेस्टिंग समजावलं : हिस्सा एकदम हातात द्यायचा नाही, चार वर्षांत हळूहळू द्यायचा, आणि पहिल्या वर्षाच्या आत जो सोडून जाईल त्याला काहीच नाही. संघ तरी फुटलाच. पण तो परीक्षेच्या काळात फुटला, कोणाचं घर गहाण नव्हतं. हे पदवीच्या बाहेर झालं असतं तर कोर्टकचेरी झाली असती.

खटकलेलं : सादरीकरणाच्या स्पर्धांचं वेड. दहा मिनिटांत परीक्षकांना भारावून टाकायचं याचाच सराव फार. दुसऱ्या सत्रात काही जण तर ग्राहकापेक्षा स्लाइड्सनाच जास्त वेळ देत होते.

सध्या मी एका मोठ्या कंपनीत नवी उत्पादनं बाहेर आणणाऱ्या विभागात आहे. वर्गातले बहुतेक जण नोकरीतच आहेत. काहींनी कंपन्या काढल्या.

आडवाटेने
मिहिकाताई, छान लिहिलंत, पण शेवटच्या ओळीने माझंच म्हणणं सिद्ध झालं ना? उद्योजकतेची पदवी आणि बहुतेक जण नोकरीत!

मिहिका
दादा, मला तसं वाटत नाही. मी रोज ठरवते की कोणत्या प्रकल्पावर पैसा घालायचा आणि कोणता बंद करायचा. बंद करण्याचा निर्णय पुराव्यावर घ्यायला मला तिथेच शिकवलं. ते काम कंपनीच्या आत असलं तरी नवोन्मेषाचंच आहे. पण हे मान्य की "पदवी घेतली की संस्थापक" असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

तर्कशुद्ध
स्पर्धांबद्दल : ग्रॅबची कल्पना २०११ मध्ये हार्वर्डच्या स्पर्धेत होती, उपविजेती ठरली. पुढच्या वर्षी मलेशियात टॅक्सीसेवा सुरू झाली. परीक्षकांच्या क्रमवारीला किती महत्त्व द्यायचं ते यावरून ठरवा.

आकडेमोड
"शिकवता येते का" यावर अभ्यास झालेले आहेत, आणि त्यांची उत्तरं एकसारखी नाहीत.

ओस्टरबेक आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या एका महाविद्यालयात छोटी विद्यार्थी-कंपनी चालवण्याचा कार्यक्रम तपासला (२०१०). कौशल्यांवर ठळक परिणाम दिसला नाही आणि उद्योजक होण्याची इच्छा उलट कमी झाली.

आफ्रिकेतल्या टोगोमध्ये १५०० लहान व्यावसायिकांवर यादृच्छिक प्रयोग झाला, म्हणजे कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून (२०१७). एका गटाला हिशेब, विक्री असं नेहमीचं प्रशिक्षण, दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घेण्याचं, संधी शोधण्याचं मानसशास्त्रावर आधारलेलं प्रशिक्षण. दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाचा परिणाम ११ टक्के, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा.

तिसरा इटलीतला, कामुफो आणि सहकाऱ्यांचा (२०२०). ११६ नवउद्योग. दोन्ही गटांना तेच विषय शिकवले, पण एकाला शास्त्रज्ञासारखं वागायला शिकवलं : गृहीतक लिहा, ते खोटं ठरेल अशी कसोटी आधी ठरवा, मग तपासा. त्या गटाची कामगिरी सरस राहिली आणि त्यांनी कल्पना बदलण्याचं प्रमाणही जास्त होतं.

माझा निष्कर्ष : विषयांच्या यादीपेक्षा शिकवण्याची रीत निर्णायक आहे. दोन अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांत तीच नावं छापलेली असतील, पण एकाचा उपयोग होईल, दुसऱ्याचा नाही.

आडवाटेने
नेदरलँड्सचा अभ्यास माझ्या बाजूचा, इटलीचा तुमच्या. बरोबरी.

सुलभा_दे
नेदरलँड्सच्या निकालाकडे मी जरा वेगळं पाहते. इच्छा कमी झाली याचा एक अर्थ असा असू शकतो की काहींना हे काम आपलं नाही हे वेळेवर कळलं. वर्गात कळणं हे कर्ज काढल्यावर कळण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. टोगोचे व्यावसायिक मात्र आधीच धंद्यात होते, त्यामुळे दोन्ही निकाल शेजारी ठेवताना जपून.

प्रयोगवही
थांबा थांबा. पंपवाले, एक तातडीची गोष्ट, बाकी चर्चा नंतर.

तुमचा नमुना पेटंट घेण्याजोगा असेल तर अर्ज दाखल होईपर्यंत त्याचा तांत्रिक तपशील कुठेही जाहीर करू नका. वर्गातलं खुलं सादरीकरण, स्पर्धा, इथला प्रतिसाद, काहीही. युरोपात अर्जाआधीची जवळजवळ कोणतीही जाहीर वाच्यता नावीन्य संपवते, अगदी स्वतः शोधकाने केलेलीसुद्धा. अमेरिकेत वर्षभराची सवलत आहे, पण सगळीकडे ती नाही. एकदा अर्ज केला की पेटंटविषयीच्या पॅरिस कराराप्रमाणे १२ महिन्यांत इतर देशांत अर्ज करता येतो. बेअरिंगचं तुम्ही वर जेवढं लिहिलंय तेवढं सर्वसाधारण आहे, चालेल. सेन्सर कसा बसवता, संकेतातून नेमकं काय काढता, ते लिहू नका.

मी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत असतो, म्हणून हे रोज पाहतो. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्यानंतर सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचे हक्क विद्यापीठांना ठेवता येऊ लागले, आणि तंत्रज्ञान हस्तांतरणाचे विभाग सगळीकडे उभे राहिले. संशोधक आणि कर्मचारी यांच्या शोधावर बहुतेक ठिकाणी विद्यापीठाचा हक्क असतो. फी भरणाऱ्या विद्यार्थ्याचं काय, हे जागेगणिक बदलतं. विद्यापीठाची प्रयोगशाळा वापरली, अनुदान घेतलं, प्राध्यापकाने भर घातली, की हक्काचा प्रश्न येतो. आणि त्याआधी तुमचा सध्याचा नोकरीचा करार काढून वाचा. कंपनीच्या चाचणी विभागात काम करताना सुचलेली कल्पना कोणाची?

पंपवाला
बाप रे. करार आजच काढतो. नमुना घरी, स्वतःच्या सामानाने बनवलाय, पण कल्पना कामावरूनच सुचली हे खरं.

प्रयोगवही
मग वकिलाला दाखवाच. आता मूळ प्रश्नावर. या पदव्यांमध्ये एक वेगळी जात असते, तिथे शिक्षण म्हणजेच कंपनी उभारणं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात १९९७ पासून असा उपक्रम आहे : संशोधकांचे शोध येतात, विद्यार्थ्यांचे संघ त्यावर कंपनी घडवतात. तुमच्याकडे स्वतःचा शोध आहे, तर अर्ज करताना विचारा, स्वतःचा घेऊन येता येतं का, की त्यांच्याकडच्यातून निवडावा लागतो.

स्टॅनफर्डच्या बायोडिझाइनची, म्हणजे वैद्यकीय उपकरणं घडवायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाची, रीत तर मला फारच आवडते. तिथे शोधाला हात लावायच्या आधी रुग्णालयात नुसतं निरीक्षण करायचं, गरजांची लांब यादी करायची आणि ती गाळत न्यायची. एम्ब्रेस या बाळांच्या उबदार पिशवीची गोष्ट स्टॅनफर्डमध्येच पण दुसऱ्या वर्गात घडली, २००७ साली. विद्यार्थ्यांना काम दिलं होतं : नवजात बाळांसाठी स्वस्त इनक्युबेटर बनवा. नेपाळमध्ये जाऊन पाहिलं तर रुग्णालयात इनक्युबेटर रिकामे पडलेले, कारण बाळं रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हती. मग प्रश्नच बदलला, आणि सतत वीज न लागणारी, उष्णता धरून ठेवणाऱ्या मेणासारख्या पदार्थाची छोटी उबदार पिशवी तयार झाली. जागेवर गेले नसते तर स्वस्त इनक्युबेटर झाला असता आणि तोही रिकामा पडला असता.

रसिका_त
ही गोष्ट माहीत नव्हती, फार आवडली. अवांतर : अर्धवेळ किंवा ऑनलाइन करणाऱ्यांचा अनुभव काय? भावाला नोकरी सोडता येणार नाही.

मिहिका
@रसिका_त, आमच्याकडे अर्धवेळवाले होते. त्यांचा फायदा असा की नोकरीतलाच प्रश्न घेऊन यायचे आणि सोमवारी तिथेच तपासायचे. तोटा म्हणजे सहसंस्थापक मिळत नाही. वर्गानंतर रेंगाळणाऱ्यांमध्ये ती ओळख होते आणि हे लोक गाडी पकडायला पळायचे.

जुना_गडी
मी प्रक्रिया उद्योगात देखभाल सांभाळली, आता निवृत्त आहे. पदवीचं मला कळत नाही, पंपांचं कळतं.

कंपनं मोजणारे सेन्सर आमच्याकडे येऊन गेले. पहिले काही दिवस सगळे उत्साहात. मग खोटे इशारे सुरू झाले. पंपात पोकळीभवन झालं (द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटले), शेजारचं यंत्र सुरू झालं, पाइपाचा आधार सैल झाला, की हा ओरडणार बेअरिंग गेलं म्हणून. माणसं रात्री उठून यायची, बेअरिंग ठणठणीत. एका पाळीने तो आवाजच बंद करून टाकला. तंत्रज्ञान वाईट नव्हतं, पण आमच्या माणसांचा विश्वास गेला तो गेलाच.

दुसरं. सेन्सर मला हवा होता, पण पैसे खरेदी विभाग देणार. त्यांना दाखवायला मला काय हवं? तर मागच्या वर्षी पंप अचानक बंद पडल्याने किती उत्पादन बुडालं तो आकडा. तो आकडा उत्पादन विभागाकडे, आणि ते देखभालीवाल्यांना सहज देत नाहीत. या तिघांना एका टेबलावर आणणं सेन्सर बनवण्यापेक्षा अवघड.

सुलभा_दे
जुना_गडी, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवू का? वापरणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा, माहिती तिसऱ्याच्या हातात. औद्योगिक ग्राहकाचं हे चित्र इतकं स्वच्छ क्वचित वाचायला मिळतं.

जुना_गडी
खुशाल दाखवा.

आडवाटेने
जुना_गडी साहेबांनी एका प्रतिसादात फी वसूल करून दिली. पंपवाले, असे आणखी वीस देखभालवाले शोधा आणि बोला. त्याला पदवी लागत नाही.

आकडेमोड
लागत नाही, बरोबर. पण नोकरी करत असताना किती जण वीस जणांना भेटतात? आणि भेटले तरी "तुझं गृहीतक पडलंय, मान्य कर" असं दर आठवड्याला सांगणारं कोण असतं? माझ्या मते अभ्यासक्रमाचा सगळ्यांत मोठा उपयोग तोच आहे.

आडवाटेने
हे मात्र मला पटलं. माझ्या दुसऱ्या व्यवसायात तसं सांगणारं कुणी असतं तर बरं झालं असतं.

पंपवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. कामावरून येऊन रोज रात्री धागा वाचतोय.

नोकरीचा करार काढला. कंपनीच्या कामाशी संबंधित शोधांवर कंपनीचा हक्क, असं कलम आहे. वकिलाची वेळ घेतलीय. एमबीएचा विचार आता मागे पडलाय; वित्त आणि संघटना मला शिकायचीच आहे, पण माझा अडसर सध्या ग्राहक आणि हक्क हा आहे. अर्ज दोन ठिकाणी करतोय. त्यांना विचारायचे प्रश्न काढलेत : माझ्या शोधाचा हक्क कोणाचा, स्वतःचा प्रकल्प चालेल का, पहिल्या सत्रात किती वेळ वर्गाबाहेर, शिकवणाऱ्यांपैकी औद्योगिक ग्राहकांना वस्तू विकलेलं कोणी आहे का. काही राहिलं का?

मिहिका
एक राहिलं. मागच्या तीन वर्षांतल्या विद्यार्थ्यांशी, अभ्यासक्रमाने निवडून दिलेल्या नव्हे, तुम्ही स्वतः शोधलेल्या, बोलू द्या म्हणा. ज्यांची कंपनी बंद पडली त्यांच्याशी आधी बोला. आणि हक्काचं उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.

प्रयोगवही
मिहिकाला दुजोरा. शिवाय पेटंटचा अर्ज प्रवेशाच्या आधी होईल असं पाहा, म्हणजे काय तुमचं आधीपासून होतं हे तारखेनिशी दाखवता येईल. अर्थात वकिलाने कंपनीचा हक्क नाही असं सांगितलं तरच.

पंपवाला
आणि कंपनीचा हक्क आहे असं निघालं तर?

तर्कशुद्ध
तर कंपनीशीच बोला. परवाना मागता येतो, किंवा कंपनीच्या आतच प्रकल्प उभा करता येतो. चाचणीचे पंप, जुन्या बिघाडांच्या नोंदी, ग्राहकांची यादी, सगळं तिथेच आहे. काही कंपन्या अशा माणसाच्या शिक्षणाचा खर्चही उचलतात. वकिलाशी बोलण्याआधी साहेबांकडे मात्र विषय काढू नका.

रसिका_त
भावाने धागा वाचला. त्यालाही स्वतःचा करार बघायचाय म्हणतो. पंपवाले, वकिलांनी काय सांगितलं ते जमेल तेवढं इथे लिहा, त्याला उपयोग होईल.

जुना_गडी
पंपवाले, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. दोन जुने सहकारी अजून कारखान्यात देखभाल बघतात, बोलायला तयार आहेत. सेन्सरचं काही सांगू नका, फक्त त्यांचं ऐका. पहिल्या पाळीनंतर फोन करा, तेव्हा ते मोकळे असतात.